दर आठवड्याला वेगळा विजेता: पुरुषांच्या स्लालमचा सीझन कसा बघायचा

प्रश्न ऐरोलीहून आला आहे. तेरा वर्षांचा मुलगा इनलाइन स्केटिंग करतो आणि हिवाळाभर पुरुषांच्या स्लालम शर्यती (बर्फाच्या डोंगरउतारावरून, खांबांमधून वळत खाली यायच्या स्कीइंगच्या शर्यती) जागून बघतो. वडील विचारतात: दर आठवड्याला नवाच कुणीतरी जिंकतो, पहिल्या फेरीत तिसावा आलेला कधी थेट पहिला येतो, मग हा खेळ नशिबाचा आहे का? सीझनचा विजेता ठरतो तरी कसा? मुलाच्या स्केटिंगचा स्कीइंगला उपयोग होईल का? आणि ओळखीचं कुणीतरी १६५ सेंटीमीटरची जुनी स्लालम स्की विकतंय, ती घेऊन ठेवावी का?

मी हिवाळ्यात गुलमर्ग आणि औलीला स्लालम शिकवतो, शर्यतींसाठी गेट, म्हणजे वळायचे खांब, लावतो आणि उरलेलं वर्ष ठाण्यात असतो. विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

नशिबाचा खेळ नाही. नशीब असतं, पण इतर खेळांत असतं तेवढंच. विजेता बदलतो कारण पायाखालचा बर्फ बदलतो. प्रत्येक ठिकाणी डोंगर वेगळा, गेट लावणारा वेगळा, खाली उतरायचा क्रम वेगळा. टीव्हीवर दिसतो तो लाल-निळ्या खांबांमधून वळत येणारा एक माणूस आणि कोपऱ्यातलं घड्याळ. मुलाला सांगा, पुढच्या शर्यतीत पहिले पाच-सहा जण उतरेपर्यंत माणसाकडे बघूच नकोस, खांबाच्या मुळाशी बर्फाचं काय होतंय तेवढंच बघ. अर्धी शर्यत तिथेच कळते.

थोडे आकडे आधी सांगून टाकतो. वर्ल्ड कपमधल्या, म्हणजे हिवाळाभर ठिकठिकाणी चालणाऱ्या शर्यतींच्या मालिकेतल्या, पुरुषांच्या स्लालमला माथ्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत उंचीतला फरक १८० ते २२० मीटर लागतो. घोडबंदर रोडवर साठ मजली टॉवर उभा केला, तर त्याच्या गच्चीपासून तळापर्यंत साधारण एवढीच उंची भरेल. तेवढ्या उतारावर साठ-सत्तर गेटं असतात. एका वळणाच्या खांबापासून पुढचा ६ ते १३ मीटरवर असतो, आणि वेगवान फेरी पन्नास सेकंदांच्या आसपास संपते. म्हणजे एका वळणाला सेकंदसुद्धा मिळत नाही. फेऱ्या दोन होतात. पहिलीतले फक्त सगळ्यात वेगवान तीस जण दुसरीत जातात आणि दोन्हींच्या वेळेची बेरीज करून निकाल लागतो. एक गेट चुकलं की सगळं संपलं. स्कीची टोकं आणि दोन्ही पावलं गेटच्या रेषेवरून गेलीच पाहिजेत. खांब दोन पायांच्या मध्ये आला तर त्याला स्ट्रॅडल म्हणतात, आणि ते कधीकधी खेळाडूलाही खाली पोहोचेपर्यंत नीट कळत नाही.

आता बर्फ. आपल्याला बर्फ म्हणजे मऊ, पांढरं काहीतरी वाटतं. वर्ल्ड कपच्या स्लालमला तसा बर्फ नको असतो. शर्यतीच्या आधी उतारावर नळ्यांची एक लांब पट्टी टेकवतात आणि तिच्या तोंडांतून दाबाने पाणी बर्फात खोलवर सोडतात. रात्रीच्या थंडीत ते आतून गोठतं आणि वरपासून खालपर्यंत एकसंध, काचेसारखा कडक थर तयार होतो. साध्या बुटांनी त्यावर उभंही राहता येत नाही. इतका खटाटोप कशासाठी, तर पहिल्या आणि पन्नासाव्या माणसाला शक्यतो सारखाच उतार मिळावा म्हणून.

कारण मऊ बर्फावर काय होतं, ते मी गुलमर्गला दर वर्षी बघतो. प्रत्येक जण खांबाच्या किंचित खाली, जवळपास त्याच जागी, वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या स्कीवर सगळा भार टाकतो. पहिल्याची स्की तिथे एक रेघ काढते. पाचव्यापर्यंत त्या रेघेची खाच होते. पंधराव्यापर्यंत खाचेचा खड्डा होतो आणि त्याच्या खालच्या बाजूला उकरलेल्या बर्फाचा उंचवटा साठतो. विसावा मुलगा तिथे येतो तेव्हा त्याची स्की आधी खाली बसते आणि लगेच वर उसळते. त्या उसळीत वजन टाचांवर गेलं की पुढच्या गेटला तो उशिरा पोहोचतो, त्याच्या पुढच्याला आणखी उशिरा, आणि चौथ्या-पाचव्या गेटला बाहेर फेकला जातो. वरून बघणाऱ्याला वाटतं, पोरगा घसरला. खरं तर तो चार गेटं वरच हरलेला असतो. आमच्याकडे पाणी सोडायची यंत्रणा नसते. दोन फेऱ्यांच्या मध्ये स्वयंसेवक आडव्या स्कीने उतार घासत खाली येतात आणि फावड्याने खड्डे बुजवतात. तेवढ्याने थोडं भागतं, पण उशिरा उतरणाऱ्या मुलाला न्याय मिळत नाही, आणि ते बघताना मला दर वेळी वाईट वाटतं.

ऊन तापलं की युरोपातही हीच गत होते. मग मीठ टाकतात. मिठाने बर्फाचा वरचा थर वितळतो, वितळताना तो खालच्या थरातली उष्णता शोषून घेतो आणि खालचा भाग घट्ट गोठतो. मात्र बर्फात ओल असेल तरच हे काम करतं आणि परिणाम थोडाच वेळ टिकतो. कधी मात्रा चुकते, कधी हवाच इतकी गरम असते की काही चालत नाही. जानेवारी २०२२ मध्ये क्रोएशियातल्या झाग्रेबची शर्यत अशीच पहिल्या फेरीत थांबवावी लागली. थोडे खेळाडू उतरले आणि उतार उखडायला लागला. शर्यत रद्द झाली.

हे डोक्यात ठेवलं की उतरायचा क्रम का महत्त्वाचा, ते आपोआप समजतं. क्रमवारीतले पहिले सात जण १ ते ७ या नंबरांसाठी सोडत काढतात, पुढचे आठ जण ८ ते १५ साठी. त्यानंतर क्रमवारीप्रमाणे. म्हणजे जो आधीच चांगला आहे त्याला ताजा ट्रॅक मिळतो आणि जो वर यायला धडपडतोय त्याला उखडलेला. चांगल्या खेळाडूचे दोन-तीन निकाल बिघडले की त्याचा नंबर मागे जातो, मागे गेला की बर्फ वाईट मिळतो, आणि निकाल आणखी बिघडतात. दुखापतीतून परतलेल्या खेळाडूला इतका वेळ का लागतो, याचं निम्मं उत्तर गुडघ्यात नसून या यादीत असतं.

दुसऱ्या फेरीत क्रम उलटा होतो. पहिल्या फेरीत तिसावा आलेला सगळ्यात आधी उतरतो आणि पहिला आलेला सगळ्यात शेवटी. उतारही नवा असतो. डोंगर तोच, पण गेटं उपटून दुसऱ्या संघाचा प्रशिक्षक नव्याने लावतो. बर्फ कडक असेल तर या उलटापालटीने फारसं बिघडत नाही, आघाडीवरचा आपली आघाडी राखतो. बर्फ नरम असेल तर तिसाव्याच्या वाट्याला न वापरलेला उतार येतो आणि पहिल्याच्या वाट्याला एकोणतीस जणांनी खणलेला.

मुलाने बघितलेली ती शर्यत बहुतेक ४ फेब्रुवारी २०२४ ची, फ्रान्समधल्या शामोनीची असणार. स्वित्झर्लंडचा डॅनियल यूल पहिल्या फेरीत तिसावा होता, म्हणजे दुसऱ्या फेरीत जेमतेम पोहोचलेला. आघाडीवरच्या, फ्रान्सच्या क्लेमाँ नोएलच्या जवळपास दोन सेकंद मागे. स्लालममध्ये दोन सेकंद म्हणजे फार मोठं अंतर. दुपार गरम होती. यूल सगळ्यात आधी उतरला, ताज्या ट्रॅकवर अप्रतिम फेरी केली आणि खाली येऊन बसला. मग एकेक जण आला आणि त्याच्या मागे राहिला. शेवटी यूल पहिला, नोएल तिसरा. तिसाव्या जागेवरून जिंकणं वर्ल्ड कपमध्ये त्याआधी कुणाला जमलेलं नव्हतं. याला नशीब म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की त्याच्या पाठोपाठ, जवळजवळ तसाच बर्फ मिळालेले एकोणतिसावे, अठ्ठाविसावे, सत्ताविसावे मग का नाही जिंकले? बर्फाने दार उघडलं हे खरं, पण आत यूलच गेला.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो, सीझन. यासाठी २०२१-२२ चं वर्ष घेतो, कारण दर आठवड्याला वेगळा विजेता याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

त्या वर्षी पुरुषांचं पहिलं स्लालम थेट १२ डिसेंबरला फ्रान्समध्ये व्हाल दिझेरला झालं. ते नोएलने जिंकलं, घरच्या प्रेक्षकांसमोर. मग इटलीत मडोना दि कॅम्पिलियोला रात्रीच्या दिव्यांत नॉर्वेचा सेबास्टियन फॉस-सोलेवोग. झाग्रेब वाया गेलं. आणि मग जानेवारी सुरू झाला. स्लालमवाल्यांचा खरा महिना हाच. ९ तारखेला स्वित्झर्लंडमधलं अडेलबोडेन, १६ ला तिथलंच वेंगेन, २२ ला ऑस्ट्रियातलं किट्झब्युहेल, २५ ला तिथलंच श्लाडमिंग. सतरा दिवसांत चार शर्यती, चार वेगळ्या स्वभावांचे डोंगर. अडेलबोडेनचा शेवटचा कडा इतका उभा आहे की पाय थकलेले असताना तिथे तंत्र उघडं पडतं. वेंगेनला उतार एका बाजूला कलतो आणि मधूनच तुटतो. किट्झब्युहेलचा गान्सलेर्न उतार खळग्या-उंचवट्यांचा, तिथे लय सापडली असं वाटेपर्यंत ती हरवते. श्लाडमिंगला सलग तीव्र उतार, कडक बर्फ, प्रखर दिवे आणि हजारोंचा गोंगाट. आपल्याकडे पहिली फेरी रात्री दहानंतर आणि दुसरी मध्यरात्र उलटल्यावर लागते, तेव्हा शाळा असलेल्या मुलाला दुसरी फेरी सकाळी बघायला सांगा.

अडेलबोडेनला ऑस्ट्रियाचा योहानेस श्ट्रोल्झ जिंकला, बिब (छातीवरचा उतरायचा क्रमांक) नंबर ३८ घालून. आधीच्या मोसमानंतर त्याला ऑस्ट्रियाच्या संघातून वगळलेलं होतं, तो स्वतःची स्की स्वतः तासत होता. अडतिसाव्या नंबरावरून कुणी जिंकतं याचा अर्थ त्या दिवशी बर्फ टिकला. उतार सगळ्यांना सारखा मिळाला की खरी गुणवत्ता कुठल्याही नंबरावरून वर येते. पुढच्याच महिन्यात याच श्ट्रोल्झने बीजिंग ऑलिंपिकमध्ये कंबाइंडचं (एक डाउनहिल, म्हणजे निव्वळ वेगाची फेरी, आणि एक स्लालम मिळून) सुवर्ण घेतलं. १९८८ मध्ये कॅलगरीला त्याच प्रकारात त्याचे वडील हुबर्ट यांनी सुवर्ण जिंकलं होतं.

एका आठवड्याने वेंगेनला उलटं चित्र. नॉर्वेचा लुकास ब्रॉथेन पहिल्या फेरीत एकोणतिसावा होता, तो जिंकला. किट्झब्युहेलला डेव्ह रायडिंग. वय ३५, देश ब्रिटन. अल्पाइन स्कीइंगच्या वर्ल्ड कपमध्ये ब्रिटनचा तो पहिला विजय. हा माणूस लँकेशरमध्ये प्लास्टिकच्या कृत्रिम उतारावर स्कीइंग शिकलेला आहे. आपल्या भागातल्या मुलांना मी श्ट्रोल्झच्याही आधी रायडिंगबद्दल सांगतो. डोंगराच्या कुशीत जन्म झाला नाही तरी हा खेळ शिकता येतो, आणि पस्तिशीपर्यंत तग धरून जिंकताही येतो, हे त्याने दाखवलं. श्लाडमिंगला मग जर्मनीचा लिनुस श्ट्रासर. सहा शर्यती, सहा विजेते.

मधे बीजिंग. तिथे स्लालमचं सुवर्ण नोएलला, ०.६१ सेकंदाने, आणि रौप्य श्ट्रोल्झला. पण ऑलिंपिकचे गुण वर्ल्ड कपमध्ये धरत नाहीत. ऑलिंपिक विजेता आणि सीझनचा विजेता वेगवेगळे असण्यात म्हणूनच काही नवल नाही. त्याच स्पर्धेत आपला आरिफ खान भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लालममध्ये (यात गेटं जास्त अंतरावर असतात) दाट हिमवर्षावात तो ४५ वा आला, स्लालममध्ये पहिल्या फेरीत बाद झाला. बातम्यांनी बाद झालेलं ठळक केलं. मला मात्र त्या बर्फात पूर्ण केलेलं जायंट स्लालम फार मोठं वाटतं. ते करायला काश्मीरच्या मऊ बर्फावर वाढलेल्या मुलाने किती वर्षं परदेशी काढली असतील, याचा विचार करा.

फेब्रुवारीच्या शेवटी जर्मनीत गार्मिशला लागोपाठ दोन दिवस दोन स्लालम झाली आणि दोन्ही नॉर्वेच्या हेन्रिक क्रिस्टोफरसनने जिंकली. मार्चमध्ये ऑस्ट्रियातल्या फ्लाखाउची आणि शेवटची फ्रान्समधल्या मेरिबेलची, या दोन्ही त्याचाच देशबंधू आट्ले ली मॅकग्रा याने. दहा शर्यती, आठ विजेते. आणि सीझनचा चषक, म्हणजे तो छोटा काचेचा गोल, क्रिस्टोफरसनला.

जानेवारीतल्या सगळ्या गाजावाजात तो एकदाही जिंकलेला नव्हता. मग चषक त्याला कसा? इथे गुणांचं गणित बघावं लागतं. पहिल्याला १००, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६०, चौथ्याला ५०, पाचव्याला ४५, असं उतरत तिसाव्याला १. बाद झाला की शून्य. आता मुलाला कागद-पेन्सिल द्या आणि हे मांडायला सांगा: एक जण एकदा जिंकला आणि एकदा बाद झाला, त्याचे १००. दुसरा दोन्ही वेळा चौथा आला, त्याचेही १००. तिसरा दोन्ही वेळा तिसरा आला, त्याचे १२०. नुसतं जिंकून चषक मिळत नाही. पण नुसतं जपून उतरूनही मिळत नाही, कारण दहावा येणाऱ्याला अवघे २६ मिळतात, आणि दहा वेळा दहावं येऊनही तीन विजयांची बरोबरी होत नाही. वरच्या बाजूला गुण फार झपाट्याने घसरतात. पहिल्या आणि चौथ्यातला फरक पन्नास गुणांचा, चौदाव्या आणि सतराव्यातला चारच गुणांचा.

त्यामुळे चषकाच्या मागे असलेला खेळाडू दर आठवड्याला एकच प्रश्न सोडवत असतो: या उतारावर, या नंबरावरून, आज किती जोर लावायचा? वरचं सपाट, मधला कडा, शेवटची वीस गेटं, प्रत्येक ठिकाणी हे उत्तर वेगळं असतं. सकाळी खेळाडू गेटांच्या बाजूने हळूहळू घसरत उतार डोळ्यांनी पाठ करतात. गेटांतून उतरून बघायची परवानगी नसते. खांब सरळ रेषेत उभे लावलेले कुठे आहेत, तिथून बाहेर पडताना वेग किती असेल, पुढचं उशिरा येणारं गेट उंचवट्याआड लपलंय का, हे सगळं तेव्हाच डोक्यात बसवावं लागतं. क्रोएशियाचा स्लालमपटू इव्हिका कोस्टेलिच याचे वडील आंते कोस्टेलिच अशी गेटं लावण्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांचा उतार म्हटला की भलेभले पहिल्यांदा पूर्ण कसा करायचा हेच बघायचे. काहींना ते आवडायचं नाही. मला आवडतं. गेट लावणं हीसुद्धा एक विद्या आहे, आणि तिची परीक्षा बघणारा उतार शर्यतीला जिवंत करतो.

क्रिस्टोफरसनची ताकद इथेच आहे. तो खांबाच्या अगदी जवळून जातो, पण वळण खांबाच्या वरच सुरू करतो. खांबाशी पोहोचेपर्यंत स्कीचं तोंड पुढच्या गेटकडे फिरलेलं असतं, म्हणून बर्फ खराब असला तरी खड्ड्यात भार टाकायची वेळ त्याच्यावर कमी येते. मुलाला त्याच्या जुन्या शर्यती मंद गतीने बघू द्या आणि फक्त बाहेरच्या पायाचा गुडघा पाहायला सांगा. स्लालमचा हा चषक त्याने २०१६, २०२०, २०२२ आणि २०२५ असा चार वेळा घेतला आहे. इतकी वर्षं, इतक्या प्रकारच्या बर्फांवर, वर राहणारा माणूस नशिबाने राहत नाही. त्याच सुमारास ऑस्ट्रियाच्या मार्सेल हिर्शरने सहा वेळा स्लालमचा चषक नेला, आणि २०१२ ते २०१९ सलग आठ वर्षं सगळ्या प्रकारांचा मिळून मोठा चषकही.

सगळे सीझन २०२१-२२ सारखे विखुरलेले नसतात. २०२३-२४ मध्ये ऑस्ट्रियाच्या मानुएल फेलरने गुर्गल, अडेलबोडेन, वेंगेन आणि अमेरिकेतलं पॅलिसेड्स टाहो अशा चार शर्यती जिंकून चषक नेला. मात्र तिथेही बाकीच्या गोष्टी बघा. आधीच्या वर्षीचा विजेता ब्रॉथेन सीझनच्या तोंडावर खेळातून बाहेर पडला होता (नंतर तो ब्राझीलकडून परतला). मडोनाला जिंकलेला मार्को श्वार्झ डिसेंबरच्या अखेरीस इटलीतल्या बोर्मिओच्या डाउनहिलमध्ये गुडघ्याला दुखापत करून बसला. फेलरचं श्रेय याने कमी होत नाही. नोव्हेंबर ते मार्च शरीर शाबूत ठेवणं हाही स्लालमचाच भाग आहे.

आता मुलाबद्दल. इनलाइन स्केटिंगचा उपयोग होतो, मनापासून सांगतो, चांगलाच होतो. तोल, वेगाची भीती मोडणं, डोळे दोन खांब पुढे ठेवणं, घोट्यातून लवणं, हे सगळं तयार मिळतं. आमच्याकडे पहिल्यांदा गुलमर्गला येणाऱ्या मुलांत स्केटिंगवाली मुलं पहिल्या दोन दिवसांतच ओळखू येतात. पण दोन सवयी आडव्या येतात. पहिली, चाक आडवं घसरत नाही. स्कीला मात्र घसरवायचं किती आणि धारेवर उभी करून बर्फ कापायचा किती हे सतत ठरवावं लागतं, आणि स्केटिंगच्या मुलाला घसरवणं म्हणजे चूकच वाटते. दुसरी सवय जास्त त्रासाची. स्केटवर सगळं शरीर वळणाच्या आत झुकवलं तरी निभावतं. बर्फावर तसं केलं की भार आतल्या पायावर जातो आणि बाहेरची स्की सुटते. कंबर आत, खांदे सपाट, भार बाहेरच्या पायावर, हे त्याला आत्तापासून शिकवा.

त्याची तयारी तुमच्याकडेही होते. रविवारी पहाटे सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर, गाड्या येत नाहीत अशा सौम्य उतारावर, आठ-दहा मीटरवर लहान कोन ठेवा. हेल्मेट, गुडघ्याचे आणि मनगटाचे पॅड हवेतच. दोन्ही हातांत मिळून आडवी काठी धरून उतरू द्या. काठी वळणाच्या आत कलली की खांदे पडले, हे त्याचं त्यालाच कळतं. वेग वाढवायची घाई नको. येऊरच्या किंवा पारसिकच्या रस्त्यावर मात्र नेऊ नका, तिथे वाहनं असतात आणि थांबायला जागा नसते.

बर्फाची पहिली ओळख शक्यतो शिकवणाऱ्याबरोबर व्हावी, आणि तारखांवर फार विसंबू नये. २०२५ मध्ये गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ कमी पडल्याने फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. तिकिटं काढताना थोडी मोकळीक ठेवा.

राहिली ती स्की. घेऊ नका. १६५ सेंटीमीटर ही मोठ्या पुरुषांच्या स्लालम स्कीची नियमातली किमान लांबी आहे, आणि शर्यतीची स्की ताठ असते. तेरा वर्षांच्या मुलाच्या वजनाने ती वाकणारच नाही, आणि न वाकणारी स्की वळत नाही, फक्त पळते. त्याला हनुवटीपर्यंत येईल अशी, लवचीक, आणि सुरुवातीला भाड्याचीच पुरे. पैसे घालायचेच असतील तर आधी बुटांत घाला. पायाला घट्ट बसणारे बूट हवेत. पुढच्या वर्षीही होतील म्हणून एक नंबर मोठे घेतले तर पाऊल आत हलतं आणि शिकवलेलं काहीच स्कीपर्यंत पोहोचत नाही.

पुढे कधी स्वतःची स्की घेतलीत, तर पावसाळ्याआधी एक काम न विसरता करा. ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत पोलादी धारा जून उजाडताच गंजायला लागतात. स्की धुऊन पूर्ण कोरडी करा, तळाला मेणाचा जाड थर द्या आणि तो धारांवरही ओघळू द्या. खरवडू नका, तसाच राहू द्या. गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून न ठेवता आतल्या कोरड्या कपाटात उभी ठेवा, आणि प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालू नका, आत ओल धरते. नोव्हेंबरात मेण खरवडलं की धार जशी ठेवली होती तशी सापडते. गंजाचे बारीक ठिपके दिसलेच तर डायमंड स्टोन ओला करून हलक्या हाताने फिरवा. कानस लावू नका, धार उगाच झिजते.